आमच्या शेतातला तळ

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत आम्ही उभयतांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही भाषणं करणारी माणसं नव्हे. नोकरीची वर्षं बेळगावात काढली आणि निवृत्तीनंतर निपाणीजवळच्या गावी, वेदगंगेच्या काठच्या वडिलोपार्जित शेतावर राहायला गेलो. मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला तेव्हा आम्ही म्हणालो, "आम्हाला काय येतंय बोलायला?" ते म्हणाले, "तुमच्या भाचीचं ते मोटारघराचं सांगा की. लोकांना नवीन आहे." म्हणून सुरुवात तिथूनच करतो, पण बोलणार आहोत ते आमच्या शेताबद्दल.

आमची भाची आणि जावई अमेरिकेत असतात. मुलं मोठी झाल्यावर त्यांनी एक मोटरहोम घेतलं. म्हणजे बसएवढी गाडी आणि तिच्यातच ओटा, पलंग, न्हाणीघर. बरोबर दोन कुत्री. एका उन्हाळ्यात ती दोघं ओरेगन राज्यातल्या एका सरकारी उद्यानात 'कॅम्प होस्ट' म्हणून राहिली. गाडी लावायला जागा, वीज आणि पाणी उद्यानाकडून फुकट. त्याच्या बदल्यात आलेल्या लोकांना जागा दाखवायची, शेकोटीच्या खड्ड्यांतली राख काढायची, रात्री कुणी गोंगाट केला तर गोड बोलून गप्प बसवायचं. पगार नाही. कुत्र्यांसाठीही नियम आहे, साखळी सहा फुटांपेक्षा लांब नको.

त्यांनी पाठवलेले फोटो आम्ही एका संध्याकाळी बांधावर बसून बघत होतो. शेजारी आमच्या शेतात तळ टाकून राहिलेले मेंढके मामा बसले होते. त्यांनी फोन हातात घेतला. गाडी, गाडीपुढची चूल, खुर्चीत बसलेली भाची, पायाशी पसरलेली कुत्री, सगळं निरखून बघितलं आणि म्हणाले, "ही तर आमचीच माणसं की वो आण्णा! फकस्त बकरी कुठं दिसंनात."

तेव्हा आम्ही हसलो. रात्री विचार केला तेव्हा पटलं की मामा चुकीचं बोलले नव्हते. घर बरोबर घेऊन हिंडायचं, कुत्र्यांच्या भरवशावर झोपायचं, आणि ज्याच्या जागेत उतरलो त्याचं काहीतरी काम करून द्यायचं, हे आपल्या मुलखात किती पिढ्या चाललंय. सरकारं आता कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणं काढतात, महाराष्ट्रानं २०२१ साली काढलं. आमच्या शेतात कॅराव्हॅन येते ती घोड्याच्या पाठीवरून.

मामांचं नाव इथं सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. गाव कागलच्या बाजूचं. मराठी बोलतात, कन्नडही तितकंच बोलतात, आणि बकऱ्यांशी जे बोलतात ते तिसरंच. आपल्या भागात मेंढरांना बकरीच म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणते. हो, इथून पुढचं थोडं मी सांगते, कारण तळावरच्या बायकांशी माझी जास्त ओळख.

तळ उठतो तो बघण्यासारखा असतो. पहाटे चुली विझतात. भांडी, धान्याची पोती, घोंगडी, वाघर म्हणजे बकरी कोंडायची जाळी, सगळं घोड्यावर चढतं. वर कोंबड्यांची पाटी. कालपरवा जन्मलेली, चालू न शकणारी कोकरंसुद्धा घोड्यावर. बिऱ्हाड घेऊन बायका पुढच्या मुक्कामाला निघतात आणि पुरुष बकरी चारत चारत संध्याकाळपर्यंत तिथं पोचतात. म्हणजे घर हलवायचं काम सगळं बाईचं. पुढचं रान मोकळं आहे का, पाणी आहे का, मालक बरा आहे का, हे सगळ्यात आधी तिला कळतं. मी एकदा मामींना विचारलं, "मालक बरा आहे हे कशावरनं ओळखता?" त्या म्हणाल्या, "हिरीवर घागर लावली की त्यो काय बोलतोय, त्येच्यावरनं."

आता त्यांचं वर्षाचं चक्र सांगतो. आपल्याकडे पश्चिमेला पाऊस जास्त. दख्खनी मेंढराला ओली जमीन सोसत नाही, खुरं सडतात. म्हणून मृगाच्या तोंडावर हे लोक पूर्वेला, रायबाग, अथणी, जतच्या माळाकडे सरकतात. दिवाळी झाली, सुगी उरकत आली की पुन्हा पश्चिमेला नदीकाठच्या रानांत. आमच्याकडे तंबाखू निघाल्यावर रान रिकामं होतं, तेव्हा मामा येतात. रोज रात्री एका पट्ट्यात वाघर लावून बकरी बसवायची, दुसऱ्या रात्री वाघर पुढं सरकवायची. लेंडी पडते आणि मूत थेट जमिनीत मुरतं. आमचे वडील सांगायचे, बकरी उठली की लगेच हलकी पाळी घाला, नाहीतर निम्मं खत वाऱ्यावर जातं. ते खरं आहे, मुतातलं नत्र उन्हात उडून जातं. एकदा बकरी बसवली की दोन-तीन पिकांना तिचा गुण दिसतो. त्याबद्दल मामांना धान्य आणि रोख देतो. उपकार कुणीच कुणावर करत नाही. हा व्यवहार आहे, पण तोंडी, आणि आमच्या दोन पिढ्यांचा.

निपाणीच्या माणसाला तळ नवीन नाही. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीत पुणे–बंगळूर रस्त्यावरच तळ ठोकला होता. रस्त्यावर चुली मांडून राहणं काय असतं हे आमच्या भागानं अनुभवलं आहे. गोळीबार झाला, माणसं गेली. ते दिवस आठवणारे या सभागृहात असतील.

आणि आमच्या भागाचा आणखी एक अभिमान. बाळूमामा मूळचे आमच्याच बाजूचे. निपाणीजवळच्या अक्कोळमध्ये १८९२ साली धनगराच्या घरी त्यांचा जन्म झाला. आयुष्यभर बकरी घेऊन हिंडले आणि १९६६ साली आदमापुरात देह ठेवला. मठ बांधून बसले नाहीत, तळ हाच त्यांचा मठ. त्यांची बकरी आजही बग्ग्या-बग्ग्यांनी दोन्ही राज्यांत हिंडतात. बग्गा गावात आला की आपल्या रानात बसावा म्हणून शेतकरी विनवण्या करतात, सकाळ-संध्याकाळ आरती होते, गाव भाकऱ्या घेऊन तळावर जातं. श्रद्धा ज्याची त्याची. आम्हाला एवढंच दिसतं की त्या बकऱ्यांना जी वागणूक मिळते, तिच्यातली चार आणे तरी साध्या मेंढक्याच्या बकऱ्यांना मिळावी.

आता कुत्र्यांकडे येतो. आजचं मुख्य बोलणं तेच आहे.

आपल्या भागात कुत्र्याचं नाव काढलं की लोक मुधोळ म्हणतात. खरंच मानाचं कुत्रं. मुधोळच्या घोरपडे राजांनी ती जात नावारूपाला आणली, आणि २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यात मुधोळ होतं. त्याच जातीला 'कारवान' असंही म्हणतात, तांड्याबरोबर चालणारं कुत्रं. पण ते धावून शिकार धरणारं. तळावरचं कुत्रं वेगळं. अंगानं भरलेलं, बघायला साधं, आणि धावण्यापेक्षा बसून राहण्यात हुशार. दिवसभर ते घोड्याच्या सावलीला लोळतं, तुम्हाला वाटेल आळशी आहे. अंधार पडला की वाघरीच्या चार बाजूंना चार जाऊन बसतात. कुणी सांगावं लागत नाही. लांडगा असो, बिबट्या असो की मोटारसायकलवरून येणारा चोर असो, आधी एक भुंकतं, मग बाकीची उठतात, पण चौघं एकाच बाजूला कधी पळत नाहीत. माळावर जाताना मामा त्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, म्हणजे नरडं धरता येत नाही.

हे शिकवतात कसं? मामा म्हणतात, शिकवत नाही. पिल्लू डोळे उघडायच्या आत कोकरांत ठेवायचं. बकरीचं दूध पाजायचं. बकऱ्यांच्या वासात ते वाढतं आणि त्याला वाटतं, आपण ह्यांच्यातलेच. खायला काय? ताकात कुस्करलेली भाकरी. मामींच्या तव्यावर पहिल्या भाकऱ्या पडतात त्या कुत्र्यांच्या.

आता जे सांगणार आहोत ते सांगावं की नाही यावर आमचं घरी दोन दिवस बोलणं झालं. शेवटी ठरवलं, सांगायचं.

२०२० चा मार्च. मामांचा तळ आमच्या रानात होता, दोनशेच्या वर बकरी, तीन बिऱ्हाडं, दोन घोडी, पाच कुत्री. २५ तारखेपासून टाळेबंदी लागली. कोगनोळीजवळ राज्याच्या हद्दीवर नाका बसला. १९५६ साली राज्यं झाली तेव्हा आपल्यामधून रेघ गेली, त्याचं दुःख या सभागृहाला सांगायला नको. पण बकऱ्यांना ती रेघ कधी दिसली नव्हती. २०२० साली पहिल्यांदा दिसली. मामांचं गाव पलीकडे, पुढचं ठरलेलं रान पलीकडे, आणि तळ अलीकडे.

आठ दिवसांची वस्ती दीड महिन्यावर गेली. गावातून कुरबुर सुरू झाली. बाहेरची माणसं का ठेवलीत, रोग आणतील. आम्ही म्हणालो, ती उघड्यावर झोपतात, आपणच घरात कोंडून बसलोय, रोग कुणाला आधी होईल? बाजार बंद, पालवं विकता येईनात. आम्ही धान्य दिलं, बोअरचं पाणी दिलं, शेजारच्या दोन शेतकऱ्यांना सांगून त्यांच्या रानात बकरी बसवली. खरं सांगायचं तर आम्हाला स्वतःचा अभिमान वाटायला लागला होता. भाचीला फोनवर सांगितलंसुद्धा, "आता आम्हीपण कॅम्प होस्ट!"

त्यांच्यात काळी नावाची एक कुत्री होती. सगळ्यात जुनी. एप्रिलमध्ये तिला चार पिल्लं झाली, आमच्या शेडच्या भिंतीला लागून. शेडमध्ये आमची तंबाखूची पोती आणि घरचं धान्य. उंदीर फार झाले होते. आम्ही दरवर्षीसारखं पिठाच्या गोळ्यांत औषध कालवून शेडच्या कडेनं ठेवलं. दरवर्षीसारखं. दरवर्षी तळ मेच्या आधी उठलेला असायचा, हे डोक्यातच आलं नाही. मामांना सांगायचं राहून गेलं.

पिल्लांची आई भुकेली असते. पहाटे मामींची हाक आली. आम्ही बॅटरी घेऊन धावलो तेव्हा काळी भिंतीशी आडवी झाली होती. गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला, ते बिचारे म्हणाले, त्या औषधाला उतारा नाही. तासाभरात ती गेली.

आम्ही कबूल केलं. लपवण्यासारखं नव्हतंच, गोळे समोर पडले होते. मामा एक शब्द बोलले नाहीत. बांधाच्या कोपऱ्यात खड्डा काढला, वर दगड ठेवले. मामींनी पिल्लं उचलून कोकरांत नेऊन ठेवली आणि एका व्यालेल्या बकरीचं दूध वाटीत काढलं. मी म्हटलं, "मामी, एक पिल्लू आम्हाला द्या, आम्ही सांभाळतो." त्या मान वर न करता म्हणाल्या, "नगं वैनी. कुत्रं माणसांत वाढलं की तुमचं हुतंय. आमचं ऱ्हात न्हाई."

मे महिन्यात वाट मोकळी झाली आणि तळ उठला. मामांनी रामराम केला. पैशाचा हिशोब करताना आम्ही थोडे जास्त पुढे केले, त्यांनी मोजून जास्तीचे परत ठेवले.

२०२१ चा उन्हाळा आला. तंबाखू निघाली, रान मोकळं झालं. मामा आले नाहीत. फोन लागत नव्हता. वेदगंगेच्या पलीकडे दुसऱ्याच कुणाच्या शेतात तळ पडल्याचं कानावर आलं. आम्ही ट्रॉलीभर शेणखत विकत घेतलं, टाकलं, पीकही आलं. नुकसान खताचं नव्हतं. वडिलांच्या वेळेपासून येणारं माणूस आमच्या रानावरून पुढं गेलं, आणि ते का गेलं हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

त्या श्रावणात आम्ही दोघं स्कूटरवरून रायबागच्या बाजूला निघालो. पत्ता कुठला? चहाच्या टपरीवर विचारायचं, वाटेत भेटेल त्या मेंढक्याला विचारायचं. लोक वेड्यासारखे बघत. दुसऱ्या दिवशी चिंचलीच्या अलीकडे एका माळावर तळ सापडला. कुत्री अंगावर आली. त्यांच्यात एक काळं, तरणं कुत्रं होतं. मामींनी हाक मारली तसं ते थांबलं.

घोंगडं अंथरलं गेलं. चहा आला. कुणीच विषय काढेना. शेवटी ह्यांनी म्हटलं, "मामा, चूक आमची होती. आता शेडमध्ये औषध ठेवत नाही, पिंजरे लावतो. मांजर पाळलंय. रान तुमचं आहे, यायचं तर या." मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आण्णा, तुमी जाणूनबुजून केलं न्हाई ह्ये मला ठावं हाय. पर आमचं घर म्हंजी तुमच्या शब्दावर टेकल्यालं असतंय. तुमी सांगितलं न्हाई, एवढंच."

२०२२ च्या उन्हाळ्यात तळ आला. तेव्हापासून येतो. पण एक बदल झालाय. घोडी उतरवायच्या आधी मामा शेडपाशी जातात, एक फेरी मारतात आणि आम्हाला विचारतात, "औषध काय टाकलंय का?" दरवर्षी विचारतात. यंदाही विचारलं. आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. आता आम्हीच आधी सांगतो.

मंडळी, तुमच्यापैकी पुष्कळांची शेती अजून गावाकडे आहे. बकरी बसवत असाल किंवा बसवायचं मनात असेल, तर आमच्या चुकीतून चार गोष्टी सांगतो. एक, गेल्या महिन्याभरात काय फवारलं, कुठं फवारलं, कुठला बांध टाळायचा, हे तळ उतरायच्या आधी दाखवा. दोन, उंदरा-डुकरांचं औषध तळ असेपर्यंत ठेवूच नका. तीन, कापलेल्या ज्वारीचा कोवळा फुटवा असेल तर ते रान दाखवू नका, ते मेंढरांना विषारी असतं, मेंढक्याला ठाऊक असतं पण अंधारात कळत नाही. चार, पाण्याची जागा ठरवून द्या आणि गावाला सांगून ठेवा की ही आमची माणसं आहेत. ओरेगनमधल्या उद्यानात पाटी लावलेली असते. आपल्याकडे पाटी नाही, म्हणून तोंडानं सांगायचं.

ही वाट फार दिवस राहील का, माहीत नाही. ऊस बारा महिने उभा असतो, रिकामं रान राहत नाही. बांधाला तारेचं कुंपण आलंय. महामार्ग रुंद झाला, बकरी पलीकडे न्यायची म्हणजे जीव मुठीत. लोकरीला भाव नाही, कातरणीची मजुरीही निघत नाही. मामांचा नातू वसतिगृहात राहून शिकतो, हुशार आहे, तो ह्या वाटेला येणार नाही आणि यावं असं मामांनाही वाटत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलंय. मामांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं. त्या वर्सात तरी कोगनोळीला अडवणार न्हाईत न्हवं?"

ह्या दिवसांत आपल्या घरीही पाहुणा येतो. येण्याआधी आपण घर झाडतो, काय चालतं, काय चालत नाही ते बघतो, आणि जाताना पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो. शेतात येणाऱ्या पाहुण्यासाठीही तेवढंच करायचं असतं. आम्हाला ते कळायला एक मुकं जनावर गमवावं लागलं.

काळीच्या दगडांपाशी आम्ही काही लावलेलं नाही. ते कुत्रं मात्र, तिचं, तळ आला की पहिल्या रात्री त्या कोपऱ्यात बसतं. वाघरीचा तो कोपरा असतो म्हणून बसत असेल. मामांना विचारलं नाही.

 गणपती बाप्पा मोरया!